चांगल्या माणसांचे फोटो

मंगळवार, दि. १४
दुपारी, दुकानातून

चि. छोटी,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा आता तिला जिना चढू देतो, पण कुरकुर करूनच. ठकूचा खोकला गेला. तुझ्या वसतिगृहात अजून गारच पाणी येतं का, ते कळव.

फोन असताना हे पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर बोलायला लागलो की तुझी लेक जवळच घोटाळत असते, आणि तिचे कान फार तिखट आहेत.

गेल्या आठवड्यात मी तुला सांगितलं की ठकूला वाईट संगत लागली आहे. त्यावर तू म्हणालीस की नर्सिंगचं शिक्षण अर्धवट सोडते आणि तिला घेऊन जाते. तसं काही करू नकोस. निदान हे पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत तरी सामान बांधू नकोस.

झालं ते असं. शाळा सुटली की ठकू माझ्या दुकानात येऊन बसते, हे तुला माहीत आहे. मी फ्रेम ठोकतो, ती बारीक खिळे निवडते. महिन्यापूर्वी माझी मोजपट्टी नाहीशी झाली आणि भुशाच्या पोत्यात सापडली. मग शाळेतून बाईंचा निरोप आला, की येत असलेली गणितंही ही मुद्दाम कोरी सोडते आणि बाकावरच्या मुलीला चिमटे काढते. तरी मी म्हटलं, वय आहे.

पण मग एक निवृत्त मास्तर आले, बायकोचा फोटो घेऊन. सज्जन माणूस. जाताना ठकूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तुझा मामा म्हणजे देवमाणूस आहे हो. त्यावर ही कार्टी पापणी न हलवता म्हणाली, "मामा खोटारडा आहे. जुनी काच नवी म्हणून लावतो."

मास्तर हसले. पण हसता हसता त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि जरा विचार करून सांगतो म्हणत फोटो परत घेऊन गेले. हे पोरीच्या डोक्यातलं नव्हे, कुणीतरी भरवलेलं आहे, अशी शंकेची पाल मनात चुकचुकली. मी सकाळ-संध्याकाळ देवापुढे बसणारा माणूस, पण ती पाल काही हात जोडून जात नाही.

माझा संशय गेला टाचणीवर. टाचणी म्हणजे समोर कपडे उसवून-शिवून देणारी बाई. कायम ओठांत टाचण्या धरलेल्या असतात, आणि त्या काढल्या की जे बाहेर पडतं ते टाचण्यांपेक्षा वाईट. गल्लीत तिचं कुणाशी पटत नाही. आणि ठकू रोज खिळे टाकून तिच्याकडे पळायची. मला कळेना, साखरेला मुंगी लागावी तशी ही पोर त्या कडू बाईला का लागली.

मग मी एक काम केलं. मोठी काच भिंतीला अशी तिरपी लावून ठेवली की पाठ करून बसलो तरी टाचणीचं दुकान दिसावं. रोज तेच दिसायचं. ठकू जाऊन काहीतरी विचारायची. टाचणी विचार करायची, बोटांवर मोजायची, काहीतरी सांगायची. आणि ठकूचा चेहरा असा सैल पडायचा, जशी ताप उतरल्यावर पोरं दिसतात. मी तिकडे गेलो की दोघी गप्प. ठकूला विचारलं तर म्हणे, काही नाही. मी तिचं दप्तर उपसलं. तुझी वहिनी म्हणाली, आता पोरीच्या पाळतीवर राहणार का? तर मला वाटलं, हिलाही काहीतरी ठाऊक आहे.

मी ठकूचं तिकडे जाणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या वेळी ती ओकली. मग रोज सकाळी पोट दुखायला लागलं. दाराची चौकट धरून उभी राहायची, बोटं सोडवावी लागायची. मला ते नाटक वाटलं. शेवटी एका संध्याकाळी मी तुला फोन केला.

शनिवारी टाचणी स्वतः रस्ता ओलांडून आली. गळ्यात टेप तसाच.

"पोरीला का अडवलंत?"

"तुम्ही तिला काय शिकवता ते मला कळलंय," मी म्हणालो.

"मी शिकवते? रोज येऊन तीच मला विचारते, मावशी, आज कुणाशी भांडलात? मी सांगते, दूधवाल्याशी, वरच्या म्हातारीशी. की निघाली घरी. मला वाटत होतं, माझी खबर काढायला तुम्हीच पाठवता तिला."

ठकू टेबलाखाली पुठ्ठ्यांच्या मागे बसली होती. मी खाली वाकलो. ती म्हणाली, "मावशी मरणार नाही ना. ती चांगली नाहीये."

टाचणी माझ्या शेजारी जमिनीवरच टेकली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. माझ्याकडे फ्रेमला येतात ते फोटो बहुतेक गेलेल्या माणसांचे. आणि फोटो पुढे करताना प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, फार चांगला माणूस होता हो. मी ते इतकं ऐकलंय की आता ऐकूही येत नाही. ठकू मात्र खिळे निवडत ऐकत होती. ती मला म्हणाली, "मामा, वाईट माणसाचा फोटो तुझ्याकडे कधीच येत नाही." म्हणून तिने मला खोटारडा ठरवलं. म्हणून गणितं कोरी आणि चिमटे. पोर मला आणि स्वतःला वाचवत होती, आणि टाचणी अजून भांडते आहे ना, याची रोज खात्री करून घेत होती.

आता हे सगळं दुकानामुळे झालं असं मी लिहू शकलो असतो. काल तसंच लिहिलंही होतं, ते पान फाडलं. ठकू दुकानात यायला लागली ती नंतर. त्याआधी, तिचे बाबा गेले त्या दिवशी, तू तिला मांडीवर घेऊन म्हणालीस की देवाला चांगली माणसं आवडतात, म्हणून त्यांना बोलावून घेतलं. मी शेजारीच होतो. मीही मान हलवली. त्या वेळी तुझ्या हाताशी जे होतं ते तू दिलंस, त्यात दोष कसला काढू? पण तिने ते घट्ट धरून ठेवलं आहे. तू फोनवर "शहाण्यासारखी वाग हं" म्हणतेस, तेव्हा ती फोन माझ्या हातात देऊन पळते, आणि तुला वाटतं ती तुला विसरली. तिला सगळ्यात जास्त भीती तुझ्याच जिवाची आहे. जो तो तिच्यासमोर तुझे गुण गात असतो.

मी तिला सरळ सांगितलं, बाबांच्या हृदयाची झडप बिघडली होती. चांगलं-वाईट असण्याशी त्याचा संबंध नाही. देव असा माणसं हेरत बसत नाही. तिला पटलं नसावं. ती टाचणीकडे खात्री करायला गेली. टाचणी म्हणाली, "माझा नवरा एक नंबरचा नालायक होता. तरी गेलाच की. फोटो कशाला करू त्याचा?" माझ्या देवापेक्षा तो नवराच जास्त उपयोगी पडला. मग ठकूने, सगळेच मरतात का, म्हणून मला विचारलं. मी हो म्हणालो, बहुतेक जण पुष्कळ म्हातारे होऊन. सोमवारी ओकली नाही. चौकट धरली, पण स्वतःच सोडली.

आता ती रोज मला विचारते, बाबा कधी वाईट वागायचे का? मी काय सांगणार? ते माझ्या घरी पाहुण्यासारखे यायचे, ताट उचलून जायचे. मला ते फक्त चांगलेच माहीत आहेत. तुला माहीत असेल. ते चिडायचे का, पत्त्यांत फसवायचे का, तुझ्या हातचं खारट झालं की नाक मुरडायचे का? तिला लिही.

आणि छोटी, माझा शेवटचा संशय तुझ्याबद्दल आहे. त्यांना आधीपासून छातीत दुखत होतं आणि ते त्यांनी तुझ्यापासून लपवलं, हे मला डॉक्टरांकडून कळलं. तुलाही कळलं असणार. मी एकदा तो विषय काढला तर तू ताटावरून उठलीस. तू त्यांच्यावर भयंकर रागावलेली आहेस. आणि तो राग कुणाला दिसू नये म्हणून त्यांना इतकं चांगलं करून ठेवलं आहेस, की तुझ्या लेकीला चांगलं होण्याचीच धास्ती बसली.

हे खोटं असेल तर तसं सांग. खरं असेल तरी तू माझ्यावर चिडशील, हे मला ठाऊक आहे. पत्र मिळालं की लगेच फोन कर आणि तोंडाला येईल ते बोल. मी मध्ये बोलणार नाही. फक्त फोन मोठ्या आवाजावर ठेवीन, आणि ठकूला जवळ बसवीन. तिच्या आईला असं चिडलेलं तिने एकदा ऐकायला हवं.

बोलणी खायला तयार बसलेला,
तुझा दादा