न दिलेल्या परवानगीबद्दल

प्रति,
मा. सदस्य सचिव साहेब,
शहर जुनी घरे जतन समिती,
दुसरा मजला (लिफ्ट बंद),
सोलापूर.

अर्जदार : सौ. ईरम्मा संगमेश कोरे, वय ५१, कामधंदा – घर व महिला बचत गट.
अर्ज लिहून देणार : नवनाथ कसबे, अर्जलेखक, आपल्याच इमारतीच्या फाटकाबाहेरील टेबल.

विषय : ‘कोरे निवास’ या घरात कमोड बसविण्यास आपण न दिलेली परवानगी मागील तारखेने खरी करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे एकूण चार अर्ज, पहिला दि. ३ ऑक्टोबर २०२४.
२) आपल्या कार्यालयाचे शंकापत्र व पाहणी अहवाल.
३) आपल्या कार्यालयाचे परवानगीपत्र दि. १४ नोव्हेंबर २०२५. (हे आपल्या दप्तरी सापडणार नाही. शिपायाला शोधायला लावू नये.)

महोदय,

विषय वाचून साहेबांनी चष्मा काढून पुसला असल्यास तो परत डोळ्यांवर चढवावा. वाचले ते बरोबर आहे. सविस्तर हकीकत खालीलप्रमाणे.

१. अर्जदार बाईंचे सासरे श्री. सिद्राम कोरे, ज्यांना घरीदारी आप्पा म्हणतात, हे ‘कोरे निवास’चे मालक आहेत. घर त्यांच्या वडिलांनी सन १९३४ मध्ये बांधले. वडील गिरणीत हेडक्लार्क होते. घर आजही ठणठणीत आहे, त्याबद्दल कोणाची काही तक्रार नाही. सोलापूरचा एप्रिल बाहेर माणूस भाजून काढतो तेव्हा कोरे निवासात दुपारी पांघरूण लागते. आता भिंतीत खिळा जात नाही, गेला तर निघत नाही, आणि खिडकीच्या रंगीत काचांमुळे सकाळी कणीक तांबडी आहे की हिरवी हे बाईंना कळत नाही. पण एवढे कुठल्याही जुन्या घरात चालायचेच. नव्वद वर्षे जुन्या घरात राहायचे म्हणजे थोडे आपण वाकायचे, थोडे घराला वाकवायचे, असे बाईंचे म्हणणे. बाईंना लग्नाला तीस वर्षे झाली, त्यामुळे त्या बोलतात ते अनुभवाचे आहे.

२. सन २०२३ मध्ये आपल्या समितीने शहरातील जुन्या घरांची यादी केली. तीत नाव घालण्यासाठी आप्पांनी स्वतः फॉर्म भरला. आपल्या बापाचे नाव पाटीवर यावे, रस्त्याने जाणाऱ्याने ते वाचावे, एवढीच हौस. पाटी आली. पाटीबरोबर हमीपत्रही आले, की समितीच्या लेखी परवानगीवाचून घरात काही काढणार नाही, घालणार नाही, बदलणार नाही. आप्पांनी खाली सही ठोकली. बाईंचे यजमान संगमेश हे सरकारी कागद दिसला की परसात जाऊन उभे राहतात, त्यामुळे ते हमीपत्र घरात दुसऱ्या कोणी वाचलेच नाही.

येथे आप्पांचा स्वभाव सांगणे भाग आहे. त्यांनी कुर्डुवाडीला रेल्वेत गार्ड म्हणून चौतीस वर्षे काढली. हातात लेखी कागद नाही तर गाडी जागची हलणार नाही, मग आत मंत्री बसलेला असो. निवृत्त झाले तरी तेच. गेल्या वर्षी माजघरातला बल्ब गेला तेव्हा नवा बल्ब लावीत असल्याचे पोस्टकार्ड त्यांनी आपल्या कार्यालयास पाठविले होते. उत्तर येईपर्यंत माजघर बारा दिवस अंधारात होते. शेवटी बाईंनी, बल्ब हा घराचा भाग नसून विजेचा भाग आहे असे त्यांच्या गळी उतरविले. असा माणूस घरात असणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी असतो त्यालाच कळते.

३. गेल्या वर्षी गणपतीत आप्पा ओट्यावरून पडले आणि खुब्याचे ऑपरेशन झाले. वय एकोणऐंशी. डॉक्टरांनी लिहून दिले की यापुढे उकिडवे बसायचे नाही. कोरे निवासात संडास एकच, तोही परसाच्या टोकाला, पाच पायऱ्या उतरून, आणि उकिडवे बसायचा. बाईंनी तळमजल्यावरील न्हाणीच्या कोपऱ्यात कमोड बसवायचे ठरविले. गवंडी म्हणाला, दोन दिवसांचे काम. आप्पा म्हणाले, लेखी परवानगी आल्याशिवाय फरशीला छिन्नी लागणार नाही. तेव्हा परवानगीचा पहिला अर्ज झाला. हा अर्ज पाचवा आहे.

मधल्या काळात भांडे लावलेली प्लास्टिकची खुर्ची मिळते ती आणली. आप्पांनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सून भांडे उचलून नेणार, हे त्यांना सहन होईना. त्याचे कारण पुढे आपल्याच पत्रामुळे कळले.

४. चार महिन्यांनी आपल्या कार्यालयाचे शंकापत्र आले : “सदर घरातील शौचकूपाचे मूळ स्वरूप काय होते, व प्रस्तावित कमोड त्या मूळ स्वरूपाशी सुसंगत आहे काय, याचा खुलासा करावा.” बाई तो कागद घेऊन अर्जलेखकाच्या टेबलाशी आल्या. सोबत रिक्षातून आप्पाही आले होते. मूळ स्वरूप काय होते ते आप्पांनी सांगितले. टोपली होती. बोळाच्या बाजूला लोखंडी झडप होती, आणि भल्या पहाटे एक बाई यायची, झडप उघडायची आणि टोपली डोक्यावर घेऊन जायची. आप्पा दहा वर्षांचे असताना पावसात तिची टोपली गळत होती, ते त्यांनी माडीवरून पाहिले. “त्या बाईचं नाव आमच्या घरात कुणालाबी ठावं नव्हतं,” असे आप्पा म्हणाले.

तर साहेब, मूळ स्वरूप हे असे होते. त्याच्याशी सुसंगत काय असते हे लिहून द्यायला अर्जलेखकाने साफ नकार दिला. तीस वर्षांत त्याने या टेबलावर पुष्कळ काही लिहिले, पण हे लिहायला त्याचा हात धजेना. खुलाशात ‘मूळ स्वरूप परत आणण्याजोगे नाही’ एवढेच लिहिले. त्यावर आपल्या कार्यालयाने पाहणी लावली.

५. पाहणीस साहेब स्वतः आले होते. त्या दिवसाची आठवण करून देण्याचा हेतू अजिबात नाही, पण हकीकतीत खाडाखोड चालत नाही. साहेबांनी रंगीत काचांचे फोटो काढले, जिन्याचे कौतुक केले, बाईंच्या हातच्या शेंगापोळ्या तीन घेतल्या, दोन वेळा चहा घेतला, आणि मग परसातल्या त्या संडासाची पाहणी जरा जवळून करण्याची वेळ साहेबांवर आली. साहेबांचे गुडघेही पन्नाशी ओलांडलेले आहेत. पाऊण तास झाला तरी साहेब बाहेर येईनात. आतून खाकरल्याचा आवाज येई, पण कडी निघेना. संगमेश परसातच होते, त्यांना काय करावे सुचेना. बाईमाणसाने तिकडे जायचे कसे, म्हणून बाई तुळशीपाशी उभ्या. अखेर आप्पा काठी टेकीत पाच पायऱ्या उतरले आणि दाराशी जाऊन म्हणाले, “साहेब, उजवा हात वर भितीकडं न्या. तितं खुंटी हाय. तिला धरून सावकाश उठा. घाई करू नका, मलाबी असंच हुतंय.”

साहेब खुंटी धरून उठले.

आठ दिवसांनी अहवाल आला. त्यातील दोनच ओळी येथे उतरवितो. “शौचकूप सुस्थितीत व वापरण्यास योग्य आढळला, सबब कमोडची निकड दिसून येत नाही. शौचकूपाच्या भिंतीस नंतर मारलेली लाकडी खुंटी मूळ रचनेचा भाग नसल्याने ती तात्काळ काढून टाकावी.”

ज्या खुंटीने आपल्याला उठविले तीच उपटा म्हणणे, याला मराठीत काय म्हणतात ते अर्जलेखकास ठाऊक आहे. पण अर्जात तो शब्द चालत नाही.

६. खुंटी आप्पांनी त्याच दुपारी स्वतःच्या हाताने काढली. संगमेश हातापाया पडले, ऐकले नाही. लेखी आले आहे ना, मग झाले. दुसऱ्या दिवसापासून आप्पा परसात गेले की तासतासभर आत. हाक मारायची लाज, आणि हाक मारल्यावर मुलाने येऊन काखेत हात घालून उठवायचे, त्याची त्याहून लाज. मग आप्पांनी आपल्यापुरता उपाय काढला. जेवण कमी केले. दोन भाकऱ्यांची एक झाली, एकीची अर्धी झाली, संध्याकाळी नुसते ताक. भूक नाही म्हणायचे. बाईंना काय कळत नव्हते होय? घरात दिवाळीचा फराळ झाला, शेंगाचटणी कुटली, आणि हा माणूस ताट सरकवून पेपर वाचत बसतो. नोव्हेंबरात दवाखान्यात काटा केला तर नऊ किलो उतरलेले. बाई तशाच रिक्षाने अर्जलेखकाच्या टेबलाशी आल्या. चौथा अर्ज आत पडून होता. त्या म्हणाल्या, “आता अर्ज नको. आता उत्तरच लिहा.”

७. पुढील मजकूर गुन्ह्याचा आहे, तो लपविणार नाही.

अर्जलेखकाने आपल्या कार्यालयाचे परवानगीपत्र टाईप केले. पहिले पत्र चार ओळींचे होते : आपला अर्ज मिळाला, अडचण समजली, कमोड बसवावे, प्रकृतीची काळजी घ्यावी. आप्पांनी ते दोनदा वाचले आणि परत दिले. म्हणाले, “हे सरकारी न्हाय. कुणीतरी चेष्टा केलीय. ह्यातलं सगळं कळतंय की.”

चूक अर्जलेखकाची होती. फाटकाबाहेर तीस वर्षे बसून एवढे कळायला हवे होते. त्याने दुसरे पत्र तयार केले. त्यात ‘वाचा’ म्हणून सहा जुनी परिपत्रके आली, ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून पाच कार्यालये आली, आणि मधले वाक्य असे : “सदर प्रकरणी यथोचित विचारांती, प्रचलित निर्देशांच्या अधीन राहून, तत्त्वतः हरकत नसलेबाबत कळविणेत येत असून तथापि खालील अटींची पूर्तता अनिवार्य राहील.” खाली नऊ अटी. सही म्हणून नुसत्या रेघा ओढल्या, त्या कोणाच्याच नावाच्या नाहीत. शिक्का बचत गटाचा, मुद्दाम अर्धाच उठविला. आठ अटी अर्जलेखकाच्या. नववी बाईंनी घालायला लावली : “सदर सुविधेचा वापरकर्ता दोन्ही वेळेस पोटभर जेवलेला असावा.”

आप्पांनी पत्र तीनदा वाचले. एक शब्द कळला नाही, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला. “आता खरं,” म्हणाले, आणि चष्म्याच्या डबीखाली पत्र ठेवून गवंड्याला निरोप धाडला.

८. कमोड बसले. रंगीत फरशीच्या तीन फरश्या काढल्या, त्या धुऊन, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत. केव्हाही परत बसवता येतील. आप्पा रोज ताटावर बसताना अट क्रमांक नऊ मोठ्याने म्हणतात आणि दोन भाकऱ्या खातात. कालच्या शुक्रवारी तिसरी मागितली. बाई भाकरी थापता थापता रडल्या, हे त्यांनी स्वतः सांगितले आणि लिहायला हरकत नाही म्हणाल्या.

९. आता खरी अडचण. आप्पांच्या मते सरकारने काम केले तर माणसाने जाऊन आभार मानले पाहिजेत. येत्या सोमवारी, दि. ८ डिसेंबरला, ते आपल्या कार्यालयात येत आहेत. धोतर इस्त्री करून ठेवले आहे. कोणाचे ऐकत नाहीत. पत्र बरोबर आणणार आहेत आणि ते आपल्यापुढे ठेवणार आहेत. आपण जर म्हणालात की असे पत्र या कार्यालयाने दिलेच नाही, तर आप्पा भांडणार नाहीत, रडणार नाहीत. ते घरी जाऊन गवंड्याला बोलावतील, त्या तीन फरश्या परत बसवून घेतील, आणि संध्याकाळी ताट सरकवून पेपर वाचत बसतील. या वेळी त्यांचे वजन उतरायला फारसे उरलेले नाही.

तरी नम्र विनंती अशी की,

(अ) सोबतच्या पत्रास दि. १४ नोव्हेंबरपासून मान्यता द्यावी. सही करणे जड जात असल्यास नुसत्या रेघा ओढल्या तरी चालतील, तेवढ्याने आप्पांचे समाधान होते.

(ब) हे न जमल्यास खोटे पत्र केल्याबद्दल अर्जदार व अर्जलेखक यांच्यावर जी कायदेशीर कारवाई असेल ती करावी. दोघेही मंगळवारी सकाळी अकराला हजर राहतील. अर्जलेखकास लांबून यावयाचे नाही.

(क) मात्र (अ) आणि (ब) काहीही ठरो, सोमवारी एक करावे. लिफ्ट बंद आहे आणि दुसरा मजला म्हणजे चव्वेचाळीस पायऱ्या आहेत, आणि आप्पा त्या चढणारच. तेव्हा त्यांची रिक्षा थांबली की शिपाई वर येऊन सांगेल, साहेबांनी दोन मिनिटे खाली यावे. आप्पा हात जोडतील आणि विचारतील, परवानगी आपणच दिली नव्हं. साहेबांनी ‘होय’ म्हणावे. दुसरे काही बोलू नये.

कळावे, आपल्या त्या एका शब्दाची वाट पाहणारी,
नम्र अर्जदार,

(सही) ईरम्मा संगमेश कोरे
लिहून देणार : (सही) नवनाथ कसबे
सोलापूर, दि. ६ डिसेंबर २०२५

सोबत :
१) डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत.
२) पाहणी अहवालाची प्रत.
३) परवानगीपत्राची प्रत. मूळ पत्र आप्पा सोडत नाहीत.