माझं रक्त तुम्ही मोजलंत तेव्हा

बाई,

सांगलीच्या इस्पितळात एका सकाळी तुम्ही माझी बोटं धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवलीत, त्या सकाळविषयी मला लिहायचं आहे. तुम्ही आमच्या डॉक्टरीणबाई, आणि मी नर्सचं काम शिकणारी एकोणीस वर्षांची मुलगी. लढाई चालू होती. रक्त तपासणारे मास्तर फौजेत गेले आणि ते काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत. बाकीच्या मुली तुमच्या तोंडाकडे बघत राहिल्या, कारण मी पाटणच्या वरच्या डोंगरातली, सातवी पास, बोलताना अजून 'न्हाई' आणि 'व्हय' म्हणणारी. तुम्ही एवढंच म्हणालात, "हिचा हात थरथरत नाही." मला आजवर कुणी दिलेलं ते सगळ्यात मोठं सर्टिफिकेट.

बारीक काचनळीत खुणेपर्यंत रक्त ओढायचं, त्यात आम्लाचं पाणी मिसळायचं, चौकोन आखलेल्या काचेवर थेंब सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पांढऱ्या पेशी मोजायच्या. दुसऱ्या काचेवर रक्ताचा पातळ थर ओढून तो रंगवायचा आणि पांढऱ्या पेशींतल्या जाती वेगळ्या करायच्या. हे सगळं तुम्ही मला पंधरा दिवसांत शिकवलंत, एकदाही आवाज न चढवता. पण सरावाला रोज रक्त कुणाचं मागणार? मी माझंच घ्यायला लागले. आणि तिथेच घात झाला. माझ्या पांढऱ्या पेशी असायला हव्यात त्यापेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. रंगवलेल्या काचेवर तांबूस दाणे भरलेल्या पेशी एखाददुसऱ्या दिसाव्यात, तर माझ्या काचेवर जिकडे बघावं तिकडे त्याच.

तुम्हाला आठवत असेल, त्याच्या महिनाभर आधी जतकडची एक मुलगी आपल्याकडे आली होती. माझ्याच वयाची. गळ्यात गाठी, अंगावर निळे डाग. तिच्या रक्तात पांढऱ्या पेशींची नुसती दाटी होती. ती तीन आठवड्यांत गेली. तिला चमच्याने पाणी मीच पाजत होते. त्यामुळे माझा आकडा बघितल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. मी परत मोजलं. दुसऱ्या दिवशी परत. मग रोज सकाळी वॉर्डात जाण्याआधी एक बोट टोचायचं, आज हे, उद्या ते. एखाद्या दिवशी आकडा थोडा खाली आला की दुपारपर्यंत मी गाणं गुणगुणायची. वर गेला की ताट तसंच बाजूला सारायची. आंघोळ करताना गळा चाचपायची, काखा चाचपायची, आणि इतकं चाचपल्यावर गाठ लागल्यासारखी वाटायचीच. जिना चढताना छातीत धडधडायचं, तेही आता त्यातच जमा. कपाटातलं जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून बघितलं. सगळं पान परकं होतं, पण जतच्या मुलीच्या कागदावरचं रोगाचं नाव तेवढं मला वाचता आलं. त्या आठवड्यात मी माझं नवं लुगडं खोलीतल्या मैत्रिणीला देऊन टाकलं. तिला वाटलं, मला रंग आवडला नाही.

तर ती सकाळ. मी तुमच्या हातात कात्री देत आहे आणि तुम्ही कात्री न घेता माझी बोटं धरता.

"हे काय आहे?"

"सुई टोचलीया."

"दहाही बोटांना? कुणी?"

"मीच, बाई."

आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. तुम्ही उठून दार लावलंत, माझं सगळं तुटक तुटक बोलणं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बस. मी मोजते." बाहेर रोगी ताटकळत होते. तुम्ही एकदा मोजलंत, मग काच धुऊन, पुसून, नवा थेंब घेऊन पुन्हा मोजलंत. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मग तुम्ही डोळा वर केलात. "तू बरोबर मोजलंस. पेशी वाढलेल्या आहेत."

बाई, पुढे मी चाळीस वर्षं हेच काम केलं, कितीतरी डॉक्टर बघितले. घाबरलेल्या माणसाला 'काही नाही, मनाचे खेळ आहेत' म्हणणारे पुष्कळ. माझं खरं होतं ते तुम्ही आधी खरं म्हणालात. मला रडू फुटलं. मी विचारलं, "मी मरणार का?"

"कधीतरी मरशील. याने नाही, असं मला वाटतं. पण नुसत्या वाटण्यावर मी औषध देत नाही. उद्या सकाळी शौचाचा नमुना घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलंत. पातळ कवचाची लांबट अंडी, एक नाही, दहा-बारा. "जंत आहेत. आतड्याला चिकटून रक्त पितात. मातीतून, उघड्या पायांतून अंगात शिरतात. भातलावणीला अनवाणी उतरायचीस?"

"आमच्याकडं समदीच उतरत्यात."

मग तुम्ही कपाटातून जतच्या त्या मुलीची जपून ठेवलेली काच काढलीत. मी मागे सरकले. "बघ," तुम्ही म्हणालात, "भितेस त्याच्याकडे नीट बघ." तिच्या पेशी मोठ्या, कच्च्या, जवळजवळ सगळ्या एकसारख्या. माझ्या पूर्ण वाढलेल्या, तांबूस दाण्यांच्या. दोन्ही काचा तुम्ही मला आलटून पालटून पाच वेळा बघायला लावल्यात, आणि पाचव्या वेळी फरक मी तुम्हाला सांगितला, तुम्ही मला नाही. तुम्ही माझी सुई काढून घेतलीत. "तुझं रक्त आता महिन्यातून एकदा मी बघणार. मधे तू बघायचं नाही."

मी सुटले म्हणून डोळे पुसत होते, तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "घरी तुझ्याहून फिकट कोण आहे?"

आणि मला आई दिसली. झऱ्यावरून पाणी आणताना तीनदा खाली बसणारी. संध्याकाळी पाय सुजणारी. भिंतीची माती खरवडून गुपचूप तोंडात टाकणारी. आम्ही पोरं तिला त्यावरून हसायचो. बाबा म्हणायचे, हिला कामाचा कंटाळा हाय. पाच-सहा वर्षं असंच चाललं होतं. मी सांगत गेले तशा तुम्ही एकेका लक्षणाला हातातली ती सुई टेबलावर टेकवत राहिलात. मग म्हणालात, "रविवारी जाऊ."

तो प्रवास मला पावलापावलाने आठवतो. कराडपर्यंत आगगाडी, सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी माझ्या मांडीवर. चळवळीचे दिवस, कराडला पोलिसांनी पेटी उघडायला लावली. तुम्ही चिडला नाहीत. तिथेच बाकावर सूक्ष्मदर्शक मांडलात आणि शिपायाला त्याच्याच डोक्यातला एक केस दाखवलात. तो इतका खूश झाला की मोटारीत त्याने आपल्याला पुढची जागा मिळवून दिली. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटार चढावर थांबायची आणि आपण सगळे उतरायचो. पाटणपासून दोन कोस पायी. पायांत बूट घातलेली बाई बघून आमच्या वाडीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

आई ओसरीवर बसलेली. "आवं बाई, मला कशाला बघताय? वय झालं म्हनायचं."

"वय किती?"

"आसंल चाळीस."

"मग वय नाही झालं. अंगात रक्त नाही." तुम्ही तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून मला दाखवलीत. आतून कागदासारखी पांढरी. तिच्या बोटातून आलेला थेंब पाण्यात धुतल्यासारखा होता. मला बाजूला घेऊन तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "हृदय थकलंय. जंताचं जहाल औषध आत्ता सोसणार नाही. आधी लोहाचं औषध, अंग भरल्यावर ते. हिला न्यावं लागेल." बाबा आधी नको म्हणाले, मग तुमच्याकडे बघून त्यांनीच चार गडी बोलावले आणि आईला डोलीत घालून खाली आणलं. मी तिच्याबरोबर निघाले, तुम्ही मात्र दोन दिवस मागे राहिलात. वाडीतल्या घराघरांत जाऊन, पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, ज्यांना सोसेल त्यांना औषध दिलंत. देवळाच्या पायरीवर सूक्ष्मदर्शक मांडून अंडी दाखवलीत. हसणाऱ्या बायकाच रांगेत पुढे होत्या, असं मला मागून कळलं.

आई आपल्या वॉर्डात अडीच महिने होती. एके दिवशी ती कठड्याला हात न लावता इस्पितळाचा जिना चढून वर आली आणि वर पोचल्यावर इकडे तिकडे बघत म्हणाली, "मी बसलेच न्हाई की गं!" पुढे ती तीस वर्षं जगली. जंताचं औषध दिल्यावर माझं रक्त तुम्ही तीन महिने तपासलंत. चौथ्या महिन्यात तुम्ही विसरलात, आणि खरं सांगते, मीही विसरले. तुम्ही खरंच विसरला होतात की मुद्दाम, हे विचारायचं राहून गेलं. तुम्ही गेलात तेव्हा मी साताऱ्याला नोकरीवर होते. बातमी चौथ्या दिवशी पोचली.

आणखी एक गोष्ट आहे. वॉर्डात आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "माज्या लेकीला तितं बसून माजी आठवन झाली, म्हनून मी वाचले." एकदा तिने ते तुम्हालाच सांगितलं. मी शेजारी थर्मामीटर झटकत उभी होते. तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "हो, लय हुशार आहे तुमची मुलगी." आमच्या बोलीतला शब्द तुमच्या तोंडून मी तेवढाच एकदा ऐकला.

आई मरेपर्यंत तेच सांगत राहिली, सगळ्या वाडीत, सगळ्या नातलगांत. मी तिला कधी थांबवलं नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही आणि ज्यांना वाचून दाखवायला हवं त्यांत आता कुणी उरलं नाही, तरी एकदा लिहून ठेवते. त्या सगळ्या दिवसांत मी फक्त स्वतःचं रक्त बघत होते, बाई. आई मला सुचलीच नव्हती.