ऑर्व्हिलच्या डिकीतले कोट

६ नोव्हेंबर
ऑर्व्हिल कोट चोरतोय. लिहिलंय ते खोडत नाही.
गावातल्या गरजू मुलांसाठी फायर स्टेशनच्या हॉलमध्ये थंडीचे कोट गोळा करायचं हे आमचं पाचवं वर्ष. शाळेची बस जागेवर लावून दुपारी तिकडे गेले, तर हा मागच्या दाराने चार पिशव्या गाडीच्या डिकीत टाकत होता. फाटके-विटके नव्हेत, निवडून चांगले.
"धुवायला नेतोस?" मी विचारलं.
"असंच काहीतरी, लॉरेटा."
चाळीस वर्षं घरोघर टपाल वाटलेला माणूस, आणि उत्तर हे?

९ नोव्हेंबर
चार पिशव्या परत आल्या. आत कोटच आहेत — पण आपले नाहीत! ते जांभळं जाकीट कुठे गेलं? लोकरीच्या कॉलरचा तपकिरी? चांगला माल विकून कुठून तरी हलका आणून भरतोय, दुसरं काय.
डॉरीनच्या कानावर घातलं. कोटांचं सगळं तीच बघते. "ऑर्व्हिल? काहीतरीच तुझं," म्हणाली. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायचा तो. तिच्यापेक्षा मी जास्त ओळखते.
ओळखत होते, म्हणायला हवं.

१४ नोव्हेंबर
शनिवार. त्याच्या मागे गाडी घातली — चाळीस मैल, थेट हार्लो गावापर्यंत. तिथल्या चर्चच्या दारात एका बाईने आमच्या पिशव्या उतरवून घेतल्या आणि स्वतःकडच्या पिशव्या ऑर्व्हिलच्या डिकीत ठेवल्या. दोघं हसत होते.
अस्सं. बायको जाऊन दोन वर्षं झाली, त्याला कोणी भेटली तर माझं काही म्हणणं नाही. पण खुशाल आमच्या पोरांचे कोट नेऊन द्यायचे?

१५ नोव्हेंबर
दिवसभर तेच डोक्यात. बोलायचंच.

१९ नोव्हेंबर
बोलले. सगळ्यांसमोर. हॉलमध्ये आम्ही बाराजण कोटांच्या घड्या घालत होतो.
"हार्लोला काय नेतोस ते सांग."
चेहरा उतरला त्याचा. "जितके नेतो तितकेच आणतो."
"मग नेतोस कशाला?"
त्याने खोलीभर नजर फिरवली. कुणाशी भिडवली नाही. "तसंच बरं असतं. नंतर सांगतो तुला, बाहेर."
"बाहेर कशाला? इथे सांग."
त्याने हातातला कोट टेबलावर ठेवला. डॉरीन म्हणाली, ठीक आहे, यापुढे गावचे कोट गावातच राहतील. ऑर्व्हिलने टोपी घातली आणि निघून गेला. दोनदा फोन केला त्याने. उचलला नाही मी. सबबी कोण ऐकणार?

२८ नोव्हेंबर
कोट वाटले. एकूण एक आपल्याच गावचे. माझ्या बसमधल्या टेसाच्या आईने लेकीसाठी निळा घेतला, नवाच वाटावा असा. कारखान्यातून काढल्यापासून बिचारी आमच्यातच घड्या घालायला येते, घेताना मात्र मान वर करत नाही. बरं वाटलं. एकाने तरी डोळे उघडे ठेवायला हवेत.

३ डिसेंबर
शून्याखाली नऊ. सकाळी बसमध्ये टेसा चढली, निळा कोट घालून. माझी नात ब्रिनली मागून आनंदाने ओरडली, "आजी, बघ ना! टेसाने माझा जुना कोट घातलाय! त्याच्या खिशाला आतून माझं नाव आहे!"
सगळी बस वळून बघायला लागली. कुणीतरी खिसा उलटा केला.
टेसा रडली नाही. शाळा आल्यावर तिने कोट काढला, नीट घडी घालून सीटवर ठेवला आणि स्वेटरवर उतरून गेली. मी हाका मारल्या.

४ डिसेंबर
टेसा बसला आली नाही.
ऑर्व्हिलच्या घरी गेले. म्हटलं, कोट का बदलून आणतोस ते त्या दिवशी हॉलमध्येच सांगायचं होतंस.
"टेसाची आई तिथेच बसली होती, लॉरेटा."