बाटलीतला बहार

कोंद्रिए, फ्रान्स
६ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबाजींस,
वर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवरचं बोलणं हवेत जातं आणि कागदावरचं राहतं, हे तुमचं म्हणणं मान्य. पण नातीच्या पत्रातल्या चुका लाल शाईने दाखवून तेच पत्र फ्रान्सला परत पाठवणारा रिटायर मास्तर अख्ख्या आंजी गावात एकच असेल.

आता खरी बातमी. मी नापास झाले. वाइनच्या शिक्षणात वासाची परीक्षा असते. पेल्यात नाक घालायचं आणि कशाचा वास येतो ते लिहायचं. वाइन इथल्याच व्हिओनिए नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची होती. पेला नुसता हलवला तरी खोली दरवळते. पुस्तकात जर्दाळू आणि पीच दिलंय, मी तेच लिहिलं. आमच्या बाईंनी खोडून शेरा मारला, की हा वास घेतलेला नाही, पाठ केलेला आहे. खरंच आहे, ताजा जर्दाळू मी जन्मात हुंगलेला नाही. ३ एप्रिलला पुन्हा बसायचंय. तेव्हाही गेले तर शिक्षण संपलं.

गंमत म्हणजे तो वास मला ओळखीचा वाटतो, अगदी घरचा. नाव मात्र काही केल्या आठवत नाही. वर्गातली नागपूरची दामिनी सुटीत घरी निघाली आहे, तिच्याबरोबर एक रिकामी बाटली पाठवते. आत थेंबभरही दारू नाही, त्यामुळे दारूबंदीच्या जिल्ह्यात तुमची अब्रू शाबूत राहील. वास तेवढा बूच लावून कोंडलाय. तुम्ही आणि आजीने हुंगून सांगा, हे काय आहे?

लोभ आहेच, रागावलात तरी तो कमी करू नका.
तुमची,
वर्षाली

आंजी (मोठी)
२ फेब्रुवारी २०२५

चि. वर्षालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दामिनी येऊन गेली. मी तेव्हा वर्ध्याला गेलो होतो. तिने बाटली तुझ्या आजीच्या हाती दिली आणि निरोपही नीट सांगितला. पण परक्या घरून आलेलं भांडं घासल्याशिवाय आपल्या चुलीपाशी जात नाही, हा तिचा नियम तुला माहीत आहे. मी आलो तेव्हा बाटली राखेने घासून, चिंचेच्या पाण्याने विसळून, अंगणात उन्हाला पालथी घातलेली होती. मी कपाळाला हात लावला. तिचं म्हणणं, की एवढा वास असल्यावर घासाले नोको काय?

खरं सांगायचं तर मी सुटलो. तरुणपणी पवनारच्या आश्रमात चार लोकांसमोर दारूला न शिवण्याची शपथ घेतली आहे. हुंगल्याने ती मोडते का, यावर तुझं पत्र आल्यावर दोन दिवस डोकं खपवत होतो. तुझा धंदा मला अजूनही पटलेला नाही, पण तुझं नापास होणं त्याहून पटत नाही. तेव्हा मास्तरची पद्धत वापरू, प्रश्नोत्तरांची. वास थंड पेल्यात जास्त की कोमट? जीभही तेच सांगते का? वास आला की डोळ्यांपुढे काय येतं? आणि ते द्राक्ष आहे तरी कसं?

आशीर्वाद आहेतच, उत्तरं मुद्देसूद लिही.
तुझा,
वासुदेवराव

कोंद्रिए
२० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आबाजींस,
शि. सा. न. वि. वि.

बाटलीची हकिगत वाचून आधी रडू आलं, मग हसू.

थंडगार पेला गप्प असतो. तळहाताची ऊब दिली की वास उठतो. नाकाला गोड लागतो, जीभ मात्र तो गोडवा शोधत राहते. डोळ्यांपुढे भेगा पडलेली जमीन येते, मधमाश्यांचा आवाज येतो आणि कुणीतरी मला दंडाला धरून मागे ओढतं. द्राक्ष बारीक, पिवळसर. उभ्या चढणीवर दगडी बांध घालून वेली लावतात आणि सगळं काम हाताने करतात. फळ कमी यायचं म्हणून लोकांनी हे वाण सोडलं होतं. साठेक वर्षांपूर्वी फारच थोड्या एकरांत उरलं होतं. काही हट्टी म्हाताऱ्यांनी वेली उपटल्या नाहीत, म्हणून आज हा वास आहे.

बाटली धुतली, पण बूच कुठे आहे?

आजीला रागावू नका, माझ्यावरची माया तशीच राहू द्या.
वर्षाली

आंजी (मोठी)
१२ मार्च २०२५

चि. वर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

बूच सापडलं. तुझ्या आजीने ते शिवणाच्या डब्यात सुया खोचायला ठेवलं होतं. माझी शपथ आड येत होती. तिने शपथ घेतलेली नाही, कारण त्या वेळी बायकांना कुणी विचारलंच नव्हतं. सुया काढून तिने बूच हातात चोळलं, नाकाशी धरलं आणि ओसरीवर जाऊन बसली. तिथूनच म्हणाली, की हा तं आपल्या बगिच्याचा वास व्हय, आंबिया बहाराचा.

तू सात वर्षांची होतीस. घरामागे आपली संत्र्याची साठ झाडं होती. हिवाळ्यात पाणी तोडून झाडांना ताण द्यायचा, जमीन भेगाळेपर्यंत. मग पाणी सोडलं की काही दिवसांत बगिचा पांढऱ्या फुलांनी भरायचा, तोच आंबिया बहार. तू मधमाश्यांत शिरायचीस आणि आजी तुला दंडाला धरून ओढायची.

पुढे झाडं वाळवणारा डिंक्या रोग आला. तुझी आजी माहेरी आर्वीला गेली असताना मी झाडं तोडली. बावीस झाडं धडधाकट होती, सोयाबीनसाठी तीही तोडली. तिला विचारलं नाही. ती परत आली, पाहिलं आणि सतरा वर्षं त्या बगिच्याचं नाव काढलं नाही. मी समजत होतो, विसरली. परवा बूच हातात धरून तिने विचारलं, की सारेच झाडं काऊन तोडले? तुझी ती हट्टी म्हाताऱ्यांची ओळ मी तीनदा वाचली. मला फार वाईट वाटतं आहे, पोरी.

तू परीक्षेत खरं लिही.
आशीर्वाद,
वासुदेवराव

कोंद्रिए
५ एप्रिल २०२५

तीर्थरूप आबाजी आणि आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पास झाले. जर्दाळू लिहिला नाही. लिहिलं, की तहानलेल्या जमिनीला पाणी दिल्यावर फुललेलं संत्र्याचं झाड, आणि मला मागे ओढणारा आजीचा हात. बाईंनी माझा पेला स्वतः पुन्हा हुंगला. संत्र्याची फुलं मान्य केली, आजीच्या हाताला मात्र गुण नाहीत म्हणाल्या. आजी, ते गुण माझ्याकडून घे.

तुमचा हात डोक्यावर असाच असू द्या.
वर्षाली

आंजी
२० जुलै २०२५

चि. वर्षालीले आजीचे लई आशीर्वाद.

चवथीपावतर शिकली, त्याच अक्षरात लिहून राह्यली, तुह्या आबाजीले लाल शाई देली नाई. तुह्या बाटलीत मी जवसाचं तेल भरनार होती, पन तिले दुसरं काम लागलं. पानी दडी मारून बसलं हाय, म्हनून मी रोज सकाळी ती दोनदा भरून घरामागं नेतो. तेथी संत्र्याचे दोन रोपं हायेत. बहार याले चार-पाच वर्सं लागन, तवा येजो आन बुचाबिगर वास घेजो.

रोपं आनाच्या आंधी तुह्या आबाजीनं मले इचारलं, लावू काय म्हून. ते तीन दिवस वाट पाहत बसले. मंग मी हो म्हटलं.

माया हायेच, जेवत जाजो.
तुही आजी,
विमला