धुतलेली पाटी

हट्टा, सोमवार, १२ मार्च १९७३

आज वहिनीने पाटी धुतली. या पाणीटंचाईत. गोवऱ्या काढून ठेवल्या आणि पाटी घासून दारात उपडी घातली.

याच पाटीत आजी गावातून शिळ्या भाकरी मागून आणायची. धम्म घेतला त्या दिवशी बाबांनी तिच्यात गोवऱ्या भरल्या. तेव्हापासून तिच्यात भाकर पडली नाही.

बाबा आणि दादा दुष्काळी कामावर खडी फोडतात. घरखर्च माझ्याकडे, कारण मी बी. ए. झालेली. चहा बंद केला, तेल बंद केले, रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरी पातळ केल्या. आता आणखी काय कमी करू? वहिनीचे दूध आटत चालले आहे. लेकरू रडून रडून झोपते.

"पाटी काहून धुतली?" मी विचारले.

"पाटलीणबाईनं बोलावलंय. शिळ्या भाकरी हायत म्हणे."

"वहिनी, आपण ते सोडलंय."

"तुमी सोडलंय, ताई. माह्या लेकराला कोणी इचारलं न्हाई."

कॉलेजात याच विषयावर मी भाषण केले होते. आता पाटीत गोवऱ्या परत भरल्या. जेवताना माझी भाकर तिच्या ताटात टाकली.

"आज देसाल," ती म्हणाली. "उद्या?"

उद्या काय? खरेच, काय? बाबांना काय सांगू?

मघाशी बाहेर गेले तर पाटी पुन्हा दारात उपडी. ओली. या वेळी मी तिला हात लावला नाही.