तुझ्या चरित्रातली एक ओळ

बेनेट्स मिल्स, न्यूयॉर्क राज्य
१४ मार्च १८७९

प्रिय ऑरिन,

आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. नदीवरचा बर्फ फुटायला लागलाय, तुझ्या हॅरिएटचा खोकला उतरलाय, दुकानात काकवीची नवी पिंपं आली. तुझी खुशाली विचारत नाही, ती छापूनच आली आहे.

जिल्ह्याच्या इतिहासग्रंथाचा एजंट ट्वॉम्बली परवा तुझ्या चरित्राचं कच्चं पान घेऊन आला. सोबत तुझी चिठ्ठी, "विनी, शुद्धलेखन तेवढं बघ आणि परत दे." बघितलं. शुद्धलेखन उत्तम आहे. बाकीच्याबद्दल आता ऐक.

चित्रात तुझ्या डोक्यावर जेवढे केस आहेत तेवढे लग्नातही नव्हते. ते जाऊ दे. पण तू "ओंडक्यांच्या झोपडीत" कधी जन्मलास? वडिलांनी रंगवलेलं दुमजली घर बांधलं होतं, वरच्या खोलीला फुलांचा कागद होता, त्या खोलीत जन्मलास तू! मतांसाठी तू बापाचं घर पाडलंस. मी ट्वॉम्बलीला म्हटलं, "हे कुणी लिहिलं?"

"सिनेटरसाहेबांनीच," तो म्हणाला. "आम्ही नुसती विशेषणं घालतो, बाई. झोपडी तर हल्ली सगळेच मागतात."

"दुकान एकट्याच्या हिमतीवर वाढवलं." बरं. तू ऑल्बनीला सिनेटात भाषणं करत असताना काउंटरमागे सत्तावीस वर्षं कुणाचं भूत उभं होतं? बँक काढलीस तेव्हा निम्मे शेतकरी पहिल्या दिवशी माझ्याकडे आले, "लोविनाबाई, तुमचा भाऊ भरवशाचा आहे ना?" मी हो म्हटलं. पानात माझा उल्लेख एवढाच: "घरी एक अविवाहित बहीण असते." मांजराबद्दलही कुणी याहून जास्त लिहील.

एवढंच असतं तर दोन दिवस भांडी आपटली असती आणि पान परत दिलं असतं. तिसऱ्या परिच्छेदाबद्दल लिहायचं टाळतेय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. "यादवी युद्धाच्या काळात त्यांनी देशकार्याचा आपला वाटा पूर्णपणे उचलला."

ऑरिन, तुझा वाटा आसा पेनीमननं उचलला.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात सक्तीच्या भरतीच्या चिठ्ठीत तुझं नाव निघालं. सरकारात पैसे भरून सुटता आलं असतं, पण मग पुढच्या चिठ्ठीत पुन्हा नाव येण्याची धास्ती. बदली माणूस दिला की तीन वर्षं निर्धास्त. आणि शहरातून भाड्याचा कुणी दारुडा आणला तर मतदार काय म्हणतील? म्हणून तुला गावातला माणूस हवा होता, नेक, चर्चला जाणारा, आपल्याच दुकानातला. तू मला म्हणालास, "आसा परत आला की पाटीवर त्याचं नाव घालतो. स्टॉडर्ड आणि पेनीमन. मग तुमचं दोघांचं लग्न थाटात करू." पाटीसाठी फळीसुद्धा आणलीस. त्या फळीचं पुढे बँकेत शेल्फ झालं.

आसा तुझ्यासाठी गेला असं आजवर मी सगळ्यांना सांगत आले. स्वतःलाही. खरं सांगते. तू विचारलंस तेव्हा त्यानं नाही म्हटलं होतं. मागच्या ओसरीवर तो सफरचंदं सोलत बसला होता आणि मी त्याच्या मागे लागले. हॅरिएट गरोदर आहे, ऑरिनला सैन्यात चार दिवस निघायचे नाहीत, तुम्ही धडधाकट आहात, आणि माझ्या भावावर तुमचे उपकार आयुष्यभर राहतील. असलं सगळं बोलले. तो हसला. "लोविना, मी जायचं ते ऑरिन स्टॉडर्डच्या जागी. मग मेलो तर मेला कोण धरायचं?"

"काहीतरीच बोलू नका," मी रागावून म्हटलं. "वर्षभरात तर युद्ध संपेल."

त्यानं सुरी पुसली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "तू म्हणतेस तर जातो."

पुढच्या जूनमध्ये कोल्ड हार्बरच्या लढाईत पडला. त्याचं छत्तिसावं संपत आलं होतं.

मला तुझी चीड येते, ऑरिन. झोपडीपेक्षा, केसांपेक्षा, दुकानापेक्षा याची चीड येते, की तू त्या माणसाला एक ओळ दिली नाहीस. पंधरा वर्षांत त्याच्या आईच्या दारात एकदा गेला नाहीस. निवडणुकीत जखमी शिपायांच्या मिरवणुकीपुढे टोपी काढून चालतोस आणि तेव्हा तुझा चेहराही हलत नाही! आणि चीड माझी स्वतःची येते, कारण तुला कधी जाब विचारायचा तर आधी स्वतःचं तोंड उघडावं लागलं असतं. म्हणून गप्प राहिले, नि तू माझं गप्प राहणं संमती समजलास.

तिसऱ्या परिच्छेदातलं तुझं वाक्य मी खोडलं. त्या जागी लिहिलं: "सक्तीच्या भरतीत नाव निघाल्यावर ते गेले नाहीत. त्यांच्या जागी दुकानातले आसा पेनीमन गेले व कोल्ड हार्बर येथे पडले. त्यांना जायला त्यांची वाग्दत्त वधू लोविना स्टॉडर्ड हिने भाग पाडले." ट्वॉम्बलीनं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "बाई, शेवटचं वाक्यही ठेवायचं? लोक नावं ठेवतील तुम्हाला."

"तेच आधी ठेवा," मी म्हटलं.

आज सकाळच्या गाडीनं तो पान घेऊन गेला. तुला ओळ काढायची असेल तर छापखान्याला पत्र पाठव, वेळ आहे. मात्र त्यात स्वतःच्या अक्षरात लिही की आसा पेनीमन तुझ्या जागी गेला नव्हता. तेवढं तुझ्या हातून लिहून झालं, तर या दुकानाची किल्ली हॅरिएटकडे असेल आणि मी आसाच्या आईकडे राहायला गेलेली असेन. म्हातारी ब्याऐंशीची आहे. तिलाही हे सगळं मला अजून सांगायचं आहे.

तुला वाचवायला आसाला पाठवणारी,
लोविना