खिडकीतलं बाकडं

अहो,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. खिडकीतल्या बाकड्याला रंगाचा दुसरा हात दिलाय. ओला आहे, बसू नका. मी ताईकडे जाते आहे.

सकाळी एजंट घर बघायला माणसं घेऊन आला होता. "बघा, थोडक्या खर्चात जुन्या घरात कसा जीव आणलाय!" म्हणत त्याने कपाटाच्या निळ्या मुठी दाखवल्या, आपण जुन्या दारातून केलेलं हे बाकडं दाखवलं. मी समोर उभी, आणि दुपारपर्यंत माझं मौनव्रत. तो हसत म्हणाला, "साहेबांनीच ही वेळ दिली. म्हणाले, वहिनी तेव्हा काही बोलत नाहीत."

देवाला दिलेली माझी वेळ तुम्ही त्याला दिलीत. दार घासताना मी विचारलं होतं, एवढा खटाटोप कशाला? "म्हातारपणी दोघांना बसायला," म्हणालात. मी खरं मानलं.

मौन सुटल्यावर एजंटला फोन केला. घर दोघांच्या नावावर आहे, विकायला माझी सही मिळणार नाही, एवढंच सांगितलं. त्याच्याशी बोलता आलं. तुमच्याशी बोलायला अजून तोंड उघडत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.